तालमीतलं अंग

नाव पुकारायचं नसतं आमच्याकडे.
फाइलवर आकडा असतो, म्हणून
मी त्याला निवृत्ती म्हणते, तिला लंका.
त्र्यंबक रोडचा सरकारी दवाखाना,
कातडीच्या ओपीडीमागे खोली बारा,
पंखा तीनवरच फिरतो, बाकीचे आकडे मेलेत.

निवृत्तीनं टेबलावर दंड ठेवला
काट्यावर माल ठेवावा तसा.
"पंचवटीच्या तालमीत वाढलेलं अंग आहे, ताई.
सर्दीसुद्धा होत नाही.
मशीन चुकलं असेल."
मशीन नव्हतंच. तीन पट्ट्या होत्या,
तीन वेगळ्या कंपन्यांच्या,
आणि तिन्हींवर दोन-दोन रेघा.

मग हळूहळू बोलला.
आडगाव नाक्यावर कांदा भरायचा, थेट सिलिगुडी.
मालाला मोड फुटले की भाडं कापतात,
म्हणून चार रात्रींत मिळून दहा तास झोप,
जागं राहायच्या गोळ्या, हप्त्याचा फोन,
मालकाचा फोन, परत हप्त्याचा.
आणि एक जखम.
"नको तिथं," म्हणाला, आणि कॅलेंडरकडे बघत बसला.
पाच महिने होती.
ढाब्याशेजारच्या मेडिकलमधून एक ट्यूब,
मग दुसरी, मग नुसतं खोबरेल.
डॉक्टरकडे थांबायचं तर गाडी कुठं लावायची?

पुढचं मला पाठ आहे.
टेन्शननं एचआयव्ही होत नाही.
दंडातली ताकद तो विचारत नाही.
पण उघड्या जखमेतून त्याला सोपं जातं,
सुजलेल्या जागी त्याला हव्या त्याच पेशी
आधीच गोळा होऊन बसलेल्या असतात,
आणि चार रात्री जागलेला माणूस
खिसा चाचपत नाही,
पाकीट आहे का, संपलंय का.
इथं मी नेहमी पाणी पिते.

तो गप्प. लंका बोलली.
"मग मला का नाही?"

तिची पट्टी समोरच होती, एका रेघेची.
"माझं रक्त सात. आशाताई म्हणती, उभी कशी राहतेस.
सातपूरला पॅकिंगची रात्रपाळी,
दिवसा पोरं, सासू, याच्या फोनची वाट.
झोप शेवटची बघितली ती बाळंतपणात.
घरातली वाळली काडी मी, पैलवान हा.
मग त्यानं काडी सोडून खांब का धरला?"

अकरा वर्षं आहे मी या खुर्चीत.
दर वेळी लागतंच असं नाही, हे ठाऊक आहे,
टक्केही ठाऊक आहेत.
काडी आणि खांब मात्र त्या तक्त्यात नाहीत.
"नशीब" जिभेपर्यंत आलं
आणि मी ते परत गिळलं;
या बाईला तो शब्द
आजवर काय कमी लोकांनी दिला असेल?

म्हणाले, "तीन महिन्यांनी परत रक्त द्यावं लागेल."
"म्हणजे तोवर काळजी करू?"
"करू नको म्हटलं तर थांबेल?"
ती हसली. खरंच हसली.
निवृत्ती तिच्याकडे बघतच राहिला.

त्याच्या गोळ्या आजपासून, रोज, न चुकता.
तिला लोहाच्या.
खणातून निरोधचा डबा काढला,
तिनं पाकिटं मोजून घेतली
भाजीवालीकडून सुट्टे घ्यावेत तशी,
आणि मेथीच्या जुडीखाली सरकवली.
"याच्या खिशात नको. माझ्याकडं राहू दे."
तो उठला, आणि हात कुठं ठेवावेत
ते कळेना त्याला.
तिनं पिशवी दिली धरायला.

दारातून वळून म्हणाली,
"ताई, डोळे लाल झालेत तुमचे. झोपत जा."
मी हो म्हटलं.
तीन महिन्यांचा पगार थकलाय,
रात्री दोन वाजता मी छतावरची ओल मोजत असते,
ते नाही सांगितलं.
रजिस्टरात पुढची तारीख घातली.
रविवार निघाला.
खोडून सोमवार केला.